कानशिलावरचा पदर

"केस विंचरताना दुखतं का, आजी?" धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

झुंबरबाईंनी नुसतीच नकाराची मान हलवली. पदर हनुवटीखाली घट्ट धरलेला. परवा झोपून उठल्या तर उजव्या डोळ्यासमोर अंधार. नवरा गेलेला, मुलगा सुरतेला, म्हणून साक्रीहून एसटीने घेऊन आले ते मोठे दीर, अभिमन नाना. ते शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि सगळा घोळ तिथेच होता. मोठ्या दिरासमोर डोकं उघडं टाकायचं नाही, तोंडही उघडायचं नाही. डोळा गेला म्हणून रीत थोडीच सुटते!

डॉक्टरीणबाई मग नानांकडेच वळल्या. "एक आजार असतो, क्वचितच होतो. डोक्याकडे रक्त नेणाऱ्या नसांना सूज येते. कानशील दुखतं, डोक्याला काही लागलेलं सोसत नाही, चावताना जबडा भरून येतो."

"जबडा दुखे म्हनीसन दाढा काढी टाक्यात तिन्या," नाना पुटपुटले.

"गेलेला डोळा बहुतेक परत येणार नाही. पण हाच आजार असेल, तर दुसराही जाईल. औषध आत्ताच सुरू करायला हवं. यांनी काही सांगितलं तर ना!"

नाना खाली बघत राहिले. मध्यंतरी झुंबरबाईंचा पदर सारखा खांद्यावर यायचा. तेव्हा भर गल्लीत ते ओरडले होते, "घरनी रीत सोडी दिन्ही का?" त्यानंतर तो पदर जागचा हलला नव्हता. नानांना स्वतःचीच लाज वाटली.

ते उठले. खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

"मी नही देखस. काढ पदर. काय व्हस ते सांग तेस्ले."

पदर सरकल्याची सळसळ झाली. मग मागून बारीक आवाज आला.

"पदर टेकना तरी आग व्हस, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कानशिलावर बोट ठेवलं आणि लगेच सिस्टरला हाक मारली.

दुपारी वॉर्डात सलाईनमधून औषध चढत होतं. झुंबरबाई उघड्या डोक्याने पडल्या होत्या. डावा डोळा कसा आहे ते अधूनमधून विचारत राहा, असं सिस्टर सांगून गेली होती. विचारणारं दुसरं कोण होतं? नाना कॉटजवळ आले, घुटमळले.

"मी दिसस का तुले?"

एवढ्या वर्षांच्या संसारात झुंबरबाईंनी नानांकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. आता बघितलं. बघतच राहिल्या.

"दिसतस," त्या म्हणाल्या. "कितला थकी ग्यात, नाना तुमी."