ओ, साम!

कोरियातल्या गांगनुंगमधल्या मालसुनबाईंच्या खानावळीची ख्याती एकाच पदार्थावर उभी होती: लालभडक तिखटात परतलेली माकूळ आणि डुकराचे मांस. माकुळीचे नाव ‘ओजिंगओ’ आणि मांसाचे ‘सामग्योप्साल’. दोहोंची सुरुवातीची अक्षरे जोडून सारे गाव त्या पदार्थाला ‘ओसाम’ म्हणे.

प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घरी परतलेल्या त्यांच्या मुलाला, ग्यूतेला, मात्र खानावळीतल्या ऑर्डरी फारच पाल्हाळिक वाटल्या. त्याने टेबलांना आणि पदार्थांना आकडे दिले. हाक मारताना आधी टेबलाचा आकडा, मग पदार्थाचा. ‘क्रमांक’ हा शब्दसुद्धा त्याने अनावश्यक म्हणून वगळला.

“आता चुकीला वावच नाही, आई.”

“एक जरी ताट चुकलं ना शास्त्रज्ञबुवा, तर उद्यापासून भांडी तू घासायचीस!”

पहिल्याच दुपारी पाचव्या टेबलावर मठातल्या दोन भिक्षुणी येऊन बसल्या. मांस-मासळी दोन्ही वर्ज्य, म्हणून त्यांनी तिसऱ्या क्रमांकाचा पदार्थ, रानभाज्यांचा भात, मागितला. कोरियन मोजणीत पाच म्हणजे ‘ओ’ आणि तीन म्हणजे ‘साम’. ग्यूतेने स्वयंपाकघराच्या दिशेने, नियमाला धरून आणि मोठ्या ऐटीत हाक दिली:

“ओ, साम!”

आत तवा चर्रर्र वाजला, आणि पाठोपाठ आईचा आवाज आला:



“टाकलं रे ओसाम! पण टेबल कितवं, ते कोण सांगणार, तुझा बाप?”