वरच्या खिडकीतले खड्डे

समुद्रकाठच्या जुन्या टेहळणी मनोऱ्याचा दगडन् दगड दादाने कॉम्प्युटरवर हुबेहूब उभा केला होता. जिथे डागडुजी हवी, ती जागा त्यात लाल दिसायची. त्या जागा प्रत्यक्ष बघून यायला त्याने धाकट्या बहिणीला वर पिटाळलं.

"वरच्या खिडकीच्या दगडात दोन खड्डे आहेत," तो फोनवर म्हणाला. "खाऱ्या वाऱ्याने खाल्लेत. खोली मोज, उद्या गवंडी बुजवून टाकतील."

"जिना चढून माझा जीव गेला आणि तू बस तिथे पंख्याखाली!" ती करवादली.

फोन बाजूला ठेवून, मोजपट्टी घेऊन ती वाकली. खड्डे हाताला गुळगुळीत लागले. वाऱ्याने खाल्लेला दगड असा नसतो. बघता बघता तिची दोन्ही कोपरं आपसूक त्यांत जाऊन बसली. हनुवटी तळहातांवर टेकली. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता समुद्र.

"अगं ए, झोप लागली की काय वर?" फोनमधून दादा ओरडला.

"नाही रे," ती हळूच म्हणाली. "हे खड्डे बुजवू नकोस, दादा. या खिडकीत पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही."