चौथा नट

तीन नट सुटले. चौथा हलायला तयार नव्हता.

मंगल होडीच्या तळाशी, बसायच्या फळीखाली उताणी पडली होती. खालून बोल्टचं डोकं पान्यानं धरायचं, एवढंच तिचं काम. वर सासरे त्रिंबक दुसऱ्या पान्यानं नट फिरवत होते. जोर यावा म्हणून पान्याला लोखंडी पाइप अडकवला होता. गंजलेल्या नटावर डिझेल ओतून झालं होतं, हातोडीनं ठोकून झालं होतं.

होडी गोदावरीच्या काठावर ओढून ठेवलेली होती. सासू कौशल्याबाई गेल्यापासून ती पाण्यात उतरली नव्हती. त्रिंबक जाळं टाकायचे, कौशल्याबाई वल्ही मारायच्या. बाई ठेंगणी, म्हणून फळी वल्ह्यांच्या अगदी जवळ बसवलेली. मंगल उंच. काल बसून पाहिलं तर वल्ह्यांच्या मुठी गुडघ्यांवर आदळल्या. फळी वीतभर मागं घेतल्याशिवाय तिला होडी चालवता येणार नव्हती. आणि होडी चालली नाही, तर तिला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जावं लागणार होतं. मुकादमाचा ट्रक परवा येणार होता.

"दमलाव का, मामा?"

"मी कशाला दमतो? ह्योच लई हट्टी हाय. तुझ्या सासूनं आवळलेला दिसतोय."

"मंग झालंच! आत्याबाईनं आवळलेलं सुटतंय व्हय?"

वर त्रिंबक हसले. मग त्यांनी पुन्हा जोर लावला.

मंगलच्या हाताला काहीतरी वेगळं जाणवलं. पहिल्या तिन्ही नटांना तिचा पाना छातीकडे दाबला जायचा. आता तो पलीकडे ओढला जात होता. त्रिंबकांनी आणखी एकदा जोर लावला. पाना पुन्हा पलीकडेच गेला.

गावातल्या विहिरींवरच्या मोटारी खोलायला लोक ह्याच माणसाला बोलवायचे. अंधारातसुद्धा त्यांचा हात चुकत नसे. सासऱ्याला कसं सांगायचं? पण ट्रक परवा येणार होता.

"मामा."

"काय गं?"

"तुमी आवळायलाव की."

वरचा आवाज बंद झाला. फळीच्या कडेला तिला त्यांचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत.

"कवापासून?"

"ठावं न्हाई. मला आत्ता कळलं."

मग पान्यातून पाइप काढून त्यांनी बाजूला ठेवला.

"ये भाईर. तू फिरव. मी खालून धरतो."

"तुमी खाली आन् मी वर?" सासऱ्यासमोर ती कधी बाजेवरही बसली नव्हती.

"मंग वल्हं काय खाली बसून मारणार हायस?"

त्रिंबक कण्हत फळीखाली आडवे झाले. मंगलनं पदर कमरेला खोचला, फळीवर बसून पाइप अडकवला आणि उलट्या बाजूला ओढला. काही झालं नाही. तिनं पाय टेकवले आणि सगळं अंग मागं टाकलं. कट् असा आवाज झाला. गंजाची खपली उडाली. पुढं नट हातानंच फिरला.

"सुटला, मामा!"

नट काढून तिनं अंगठ्यानं बोल्ट खाली दाबला. तो जाईना. गंजला असेल म्हणून तिनं आणखी दाबला. तेव्हा तिला कळलं, खालून त्यांनी तो धरून ठेवला होता.

मंगलनं अंगठा उचलला. ती नदीकडे बघत बसून राहिली. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं.

बऱ्याच वेळानं बोल्ट हळूहळू खाली गेला.

"ऊठ, आन् फळी सरकव आता," खालून आवाज आला. "तुझे पाय पुरतील तिथवर."