तिसरा पुकारा

"द्वारकाबाई खंडागळे, हाजीर हो!"

कोर्टाच्या दारातून शिपायाने दुसऱ्यांदा पुकारा केला. तिसऱ्यालाही दावा लावणारी आली नाही, तर न्यायाधीश तो काढून टाकणार होते. दोन घरांमधल्या बोळावरून अकरा वर्षं चाललेला दावा. समोरच्या पक्षाच्या, म्हणजे शेजारीण अनसूयाबाईंच्या वकिलाने खुशीत फाईल मिटली.

तेवढ्यात अनसूयाबाईच उठल्या. "साहेब, जरा थांबा. ती येतीय."

"तुम्हाला काय माहीत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"एकाच एसटीनं आलो की. तिचे गुडघे धरलेत, स्टँडवरनं चालत यायला वेळ लागतो. मला म्हणाली, तू हो पुढं, आपलं नाव निघेल."

वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी दावा जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवला.

बाहेर येताच वकील वैतागला. "आजी, आज जिंकला असतात तुम्ही."

अनसूयाबाई पायरीवर टेकल्या. पिशवीतला डबा मांडीवर घेऊन फाटकाकडे बघत म्हणाल्या, "आज कालवण आणायची पाळी तिची हाय. माझ्याकडं नुसत्या भाकरी हायेत."