लाल बटण

इस्पितळाच्या औषध विभागातल्या नव्या स्क्रीनला झेंडूचा हार घातला होता. ती लागल्यापासून महिनाभरात काम एकदाही थांबलं नव्हतं, त्याचे पेढे वाटले जात होते.

सत्काराची शाल पांघरून बसलेल्या निवृत्त धनावडेंना मात्र ते खटकलं. विभाग संगणकावर आला तेव्हा आपल्या आधीच्या नोकरीतल्या मोटारींच्या कारखान्यातल्यासारखं लाल बटण त्यांनीच टेबलाटेबलावर बसवलं होतं. चूक दिसली की दाबायचं, काम थांबवायचं. कारखान्यात दिवसभर कुणी बटण दाबलं नाही, तर ते स्वतः धावत जाऊन बघायचे.

“खरंच एकही चूक झाली नाही, पोरी?” त्यांनी गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या तेजलला विचारलं.

“काका, दाबलं की स्क्रीनवर आपलं नाव लागतं. साहेब झापतात.” तिच्या हातातला पेढा तसाच होता. “सकाळी सात नंबरच्या खाटेवरच्या आजी वारल्या ना? त्यांच्या पाकिटात भलत्याच गोळ्या पडल्या, तेव्हा माझं बोट बटणावरच होतं.”