खरं वाटलं पाहिजे

गोराईतल्या त्या डागडुजी केलेल्या कोळीघरात एक जातं, दोन वल्ही, चार जाळी आणि नऊ हंडे होते. धाकूने विधवा भावजयीला बाहेर काढून घराचं संग्रहालय केलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी मात्र त्याने तिलाच बोलावलं.

“वहिनी, पूर्वी होतं तसं मांड. दूरदर्शनवाले येतायत, खरं वाटलं पाहिजे.”

सुगंधाने सगळं मांडलं. शेवटी कोपऱ्यात पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला आणि वात दक्षिणेकडे केली.

“अगं, हा मयताचा दिवा! गेलं कोण?”

“तुम्ही, भावजी. मला काढलंत त्याच दिवशी.”

तेवढ्यात लोक आत आले. गावातली एकेचाळीस माणसं होती. कोपऱ्यातला दिवा पाहिल्यावर धाकूने ठेवलेल्या सरबताला त्यांच्यातल्या एकानेही हात लावला नाही.