लाल बटणामागचा रिले

लाल बटण दाबताच पीठ मळायचं मशीन जागच्या जागी थांबलं. कारखानदाराने मोठ्या ऐटीत तपासनीस बाईंकडे पाहिलं. बाईंनी कंट्रोल पेटीचं झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "नापास."

"आता काय झालं?"

"हा रिले. यावर प्रमाणपत्राचा शिक्काच नाही."

काडेपेटीएवढा तो डबा. लाल बटण दाबलं की मोटरची वीज तोडायची, एवढंच त्याचं काम.

"अहो बाई, चोवीस व्होल्ट! हातात धरला तरी मुंगी चावल्यासारखंसुद्धा होत नाही."

"शॉकची भीती नाहीच. पण हा आतल्या आत चिकटला, तर बटण दाबूनही पाती फिरत राहतील. आणि तेव्हाच नेमका कुणाचा तरी हात आत असेल."

बाई गेल्या आणि कारखानदार उखडला. मागच्या खेपेला बाईंनी मशीनच्या दरवाज्याच्या स्विचवरून नापास केलं होतं, त्याआधी तारांवरून. "माझ्याच मशीनशी काय वैर आहे या बाईचं?"

"दोन्ही वेळा चूक आपलीच होती," बायको म्हणाली. कारखान्यातलं वायरिंग तीच करायची.

त्याने ऐकलं नाही. तपासणी कार्यालयात फोन करून तक्रार केली, दुसरा माणूस मागितला. बायकोने मात्र शिक्क्याचा रिले मागवला आणि निगुतीने बसवला.

नवा तपासनीस आला. हसतमुख, गोडबोल्या. त्याने चहा घेतला, बटण दाबलं. मशीन थांबलं. त्याने सही ठोकली आणि गेलासुद्धा.

"सुंठीवाचून खोकला गेला!" कारखानदाराने टाळीसाठी हात पुढे केला.

बायकोने टाळी दिली नाही. "एवढा जीव लावून बसवला. झाकणसुद्धा उघडलं नाही हो त्याने."

पहिलं मशीन कारखानदाराच्या थोरल्या बहिणीच्या बेकरीत जायचं होतं. त्याने आधी तिलाच फोन लावला. "ताई, पास!"

"सुटले बाई! आता डोळे मिटून हात घालते. आतलं सगळं नीट बघितलं ना रे त्यांनी?"

'हो' म्हणायच्या आधी त्याची नजर समोरच्या पेटीकडे गेली. झाकणाचे स्क्रू जसेच्या तसे होते. त्याला ताईचे हात दिसले, कोपरापर्यंत पिठाने माखलेले.

"मागून करतो फोन," तो कसाबसा म्हणाला.

मग त्याने तपासणी कार्यालयाला फोन लावला. पलीकडचे साहेब वैतागले. "आता याचीही तक्रार? अहो, याने तर पास केलंय तुम्हाला!"

"म्हणूनच त्या बाईंना पाठवा, साहेब," कारखानदार म्हणाला. "मशीन पास झालंय. तपासायचं राहिलंय."